शाळेच्या साहित्याची यादी इतकी लांब का होते, आणि ती छोटी कशी करता येईल?

मे महिना संपत आला की शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी येऊन पडते. बारा वह्या, त्यांतल्या इतक्या एकरेघी, इतक्या चौकटीच्या. दोन फाइली, चोवीस रंगांची पेटी, तपकिरी कव्हरांचा गठ्ठा, ग्लेझ पेपर, फेव्हिकॉल, टिकल्यांची पुडी. शेवटी एक ओळ : ‘सर्व साहित्य पहिल्याच दिवशी आणावे.’ त्याखाली अंगठे आणि जोडलेले हात जमतात. प्रश्न फारसं कुणी विचारत नाही.

ज्या घरात दोन मुलं शाळेत आहेत आणि पगार सात तारखेला होतो, तिथे त्या रात्री वेगळंच गणित सुरू होतं. फी, गणवेश, बूट, रेनकोट, दप्तर आणि त्यावर ही यादी. सगळं एकाच पंधरवड्यात. घेता आलं नाही, तर त्याची झळ मोठ्यांपेक्षा मुलाला जास्त बसते. ‘वही कुठे आहे?’ हा प्रश्न भरवर्गात त्यालाच विचारला जातो.

यादी लागतेच. साहित्याशिवाय वर्ग चालत नाही. पण ती इतकी लांब असायलाच हवी का? नियम काय म्हणतात? ती छोटी करायची तर सुरुवात कुठून करावी?

यादीत नेमकं काय असतं?

कोणत्याही शाळेची यादी घेतली तरी तिचे तीन भाग पडतात.

पहिला भाग पाठ्यपुस्तकांचा. राज्य मंडळाच्या शाळांसाठी ती ‘बालभारती’ तयार करते. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना ही पुस्तकं मोफत मिळतात. शिवाय त्यांच्या पीडीएफ प्रती बालभारतीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात.

दुसरा भाग रोज लागणाऱ्या वस्तूंचा. वह्या, पेन्सिल, पेन, खोडरबर, शार्पनर, पट्टी, कंपासपेटी.

तिसरा भाग वर्षातून दोन-चार वेळा लागणाऱ्या वस्तूंचा. कार्डशीट, क्रेप पेपर, रंगीत धागे, थर्माकोल, जलरंग, प्रकल्पाच्या फाइली.

पहिल्या भागात फारशी निवड नसते. यादी फुगते ती दुसऱ्या भागातल्या संख्येमुळे आणि तिसऱ्या भागातल्या घाईमुळे. जानेवारीत लागणारा क्रेप पेपर जूनमध्ये मागवला, तर तो जानेवारीपर्यंत चुरगळून जातो आणि पुन्हा विकत घ्यावा लागतो.

ती इतकी लांबते कशी?

यात बहुतेक वेळा कुणाचा वाईट हेतू नसतो. अडचण अशी की पूर्ण यादी कुणी एकत्र बसून करतच नाही.

भाषेच्या बाई त्यांच्या दोन वह्या सांगतात : एक वर्गपाठाची, एक गृहपाठाची. गणिताचे सर तेच करतात. इंग्रजीत व्याकरणाची वही वेगळी असते, मराठीत निबंधाची वेगळी, शुद्धलेखनाची आणखी वेगळी. प्रत्येक मागणी सुटी पाहिली तर रास्त वाटते. सगळ्या मागण्या मिळून मुलाच्या खांद्यावर किती भार होतो, हे मात्र कुणाच्याच कागदावर नसतं.

त्यात गेल्या वर्षीची यादी उचलून नवं साल टाकायची सवय. सहा वर्षांपूर्वी एखाद्या उपक्रमासाठी मागवलेली फाइल उपक्रम बंद झाला तरी यादीत टिकून राहते, कारण ती काढून टाकणं हे कुणाचंच काम नसतं.

तिसरं कारण आहे तयार संच. दुकानदार किंवा शाळा इयत्तेनुसार गठ्ठा बांधून ठेवते. पालकांचा वेळ वाचतो हे खरं. पण घरात चांगली कंपासपेटी असली तरी गठ्ठ्यातली नवी घ्यावी लागते.

चौथं कारण भीतीचं. कमी पडलं तर मुलाची पंचाईत होईल म्हणून पालक दोन वह्या जास्तच घेतात आणि शाळाही दोन जास्तच लिहिते.

खरंच इतकं लिहिलं जातं का?

हे तपासायला कागद-पेन्सिल पुरते.

समजा, पाचवीच्या यादीत सहा विषयांच्या प्रत्येकी दोन, म्हणजे बारा वह्या आहेत आणि प्रत्येक वही २०० पानांची आहे. एकूण पानं झाली २,४००. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षात किमान २०० दिवस शाळा भरायला हवी. २,४०० भागिले २०० म्हणजे रोज १२ पानं.

पाचवीतलं मूल वर्षभर, एकही दिवस न चुकता, रोज बारा पानं लिहितं का? सहामाही, सहली, स्नेहसंमेलन, खेळाच्या स्पर्धा धरल्या तर हा आकडा आणखी अवघड होतो. एप्रिलमध्ये रद्दीत जाणाऱ्या वह्या उघडून पाहिल्या तर उत्तर तिथेच मिळतं. काही पूर्ण भरलेल्या, काही अर्ध्या आणि एखादी फक्त पहिल्या पानावर नाव-इयत्ता-तुकडी लिहिलेली.

याचा दप्तराच्या वजनाशी काय संबंध?

सरळ संबंध आहे. १७ बाय २७ सेंटिमीटरची, ५८ जीएसएम कागदाची २०० पानी वही घेतली, तर नुसत्या कागदाचं वजन सुमारे २६५ ग्रॅम भरतं. एका दिवशी चार विषय असतील आणि प्रत्येकाच्या दोन वह्या न्यायच्या असतील, तर वह्यांचंच वजन दोन किलोंच्या वर गेलं. पुस्तकं, डबा, पाण्याची बाटली आणि रिकाम्या दप्तराचं स्वतःचं वजन अजून धरलेलंच नाही.

आता केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचं २०२० चं ‘स्कूल बॅग धोरण’ पाहू. त्यानुसार पहिली ते दहावीच्या मुलांच्या दप्तराचं वजन त्यांच्या शरीराच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. धोरणात इयत्तेनुसार आकडेही दिले आहेत :

पूर्वप्राथमिक : दप्तर नको.
पहिली-दुसरी : १.६ ते २.२ किलो.
तिसरी ते पाचवी : १.७ ते २.५ किलो.
सहावी-सातवी : २ ते ३ किलो.
आठवी : २.५ ते ४ किलो.
नववी-दहावी : २.५ ते ४.५ किलो.
अकरावी-बारावी : ३.५ ते ५ किलो.

पाचवीच्या मुलासाठी वरची मर्यादा अडीच किलोंची आणि त्यातले दोन किलोंहून जास्त वह्यांतच गेले. त्याच आकाराच्या १०० पानी वह्या घेतल्या आणि विषयाला एकच ठेवली, तर चार विषयांचं वजन साधारण साडेपाचशे ग्रॅम होतं. दप्तर बदललं नाही, पुस्तकं बदलली नाहीत. बदलली ती यादीतली एक ओळ.

पाण्याचंही तसंच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वीस किलोंच्या मुलासाठी दहा टक्के म्हणजे दोन किलो. त्यातला निम्मा भार एका भरलेल्या बाटलीचा. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत पिण्याचं सुरक्षित पाणी असणं बंधनकारक केलं आहे. शाळेतला नळ आणि फिल्टर विश्वासाचा असेल तर यादीत ‘एक लिटरची बाटली’ लिहावी लागत नाही; लहान बाटली पुरते.

ही चर्चा किती जुनी आहे?

बरीच जुनी. लेखक आर. के. नारायण राज्यसभेचे सदस्य होते. १९८९ मध्ये सभागृहात बोलताना त्यांनी विषय निवडला तो मुलांच्या पाठीवरच्या दप्तराचा. पुढे प्राध्यापक यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने १९९३ मध्ये आपला अहवाल दिला. ‘ओझ्याविना शिक्षण’ हे त्याचं सूत्र. समितीचं म्हणणं असं होतं की दप्तराचं वजन हा दिसणारा भाग आहे. खरा भार न समजता पाठ करण्याचा आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातही गेला. राज्य सरकारने जुलै २०१५ मध्ये दप्तराचं ओझं कमी करण्यासाठी शासन निर्णय काढला आणि दहा टक्क्यांची मर्यादा शाळांना लागू केली. त्यानंतर पाच वर्षांनी केंद्राचं धोरण आलं. पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊ नये आणि त्यांच्याकडे वर्गपाठाची एकच वही असावी, असं ते धोरण सांगतं. तिसरी ते पाचवीसाठी गृहपाठाची मर्यादा आठवड्याला दोन तासांची आहे.

गृहपाठाची ही मर्यादा यादी करतानाही उपयोगी पडते. आठवड्याला दोन तासच गृहपाठ द्यायचा असेल, तर त्यासाठी सहा स्वतंत्र वह्या कशाला?

कोऱ्या पानांचा प्रयोग काय सांगून गेला?

वह्याच नकोत, असाही एक प्रयोग महाराष्ट्राने करून पाहिला. मार्च २०२३ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला की पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं जोडायची. २०२३-२४ पासून आठवीपर्यंतच्या इयत्तांमध्ये पुस्तकं चार भागांत आली. प्रत्येक पाठानंतर ‘माझी नोंद’ लिहायला पानं. कल्पना अशी की मुलाने एका वेळी एकच भाग न्यायचा, नोंदी त्यातच करायच्या आणि ज्यांना वह्या परवडत नाहीत त्यांचीही सोय व्हायची.

हेतू चांगला होता. पण वर्गात मुलं वेगळ्या वह्या आणतच राहिली. शिक्षकांना वर्गपाठ वहीत हवा होता, गृहपाठ वहीत हवा होता. त्यामुळे पुस्तकातली पानं बऱ्याच ठिकाणी कोरीच राहिली आणि दप्तरात पुस्तकही होतं, वहीही होती. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने हा निर्णय मागे घेतला आणि २०२५-२६ पासून पुस्तकं पुन्हा जुन्या रूपात आली.

या प्रयोगातून एक गोष्ट लक्षात येते. वस्तू बदलली पण वर्गातली लिहिण्याची आणि तपासण्याची पद्धत तीच राहिली, तर ओझं कमी होत नाही. यादी दुकानात छोटी होत नाही. ती शिक्षकांच्या खोलीत, वेळापत्रक समोर ठेवून छोटी करावी लागते.

इतर देशांत काही वेगळं करतात का?

फ्रान्सचं उदाहरण घेण्यासारखं आहे. तिथे शाळा सप्टेंबरमध्ये सुरू होतात. शिक्षण मंत्रालय दरवर्षी आवश्यक साहित्याची एक नमुना यादी प्रसिद्ध करतं आणि शाळांनी आपापली यादी तिच्या आधारे मर्यादित ठेवावी, असं सांगतं. कमी उत्पन्न असलेल्या घरांना शाळेच्या खरेदीसाठी ऑगस्टमध्ये वेगळा भत्ता मिळतो.

यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. किती साहित्य म्हणजे पुरेसं, हे ठरवायला एक समान मोजपट्टी आहे. आणि पैसे खरेदीच्या आधी हातात येतात, नंतर नाही. राज्याची अशी नमुना यादी नसली तरी एखादी शाळा स्वतःपुरती ती करू शकते.

शाळेने यादी कशी करावी?

१. एप्रिलमध्ये वह्या मोजा. वार्षिक परीक्षा झाली की प्रत्येक वर्गातून तीन मुलांच्या वह्या घ्या : एक मोठ्या अक्षराचं, एक मध्यम, एक बारीक. प्रत्येक विषयात किती पानं भरली ते लिहा. पुढच्या वर्षीचा आकडा त्यावरून काढा. अंदाजापेक्षा ही मोजणी अर्ध्या तासाची आणि जास्त खरी.

२. एका वर्गाचे सगळे शिक्षक एकत्र बसा. प्रत्येकाने आपल्या ओळी फळ्यावर लिहायच्या आणि शेवटी बेरीज करायची. गृहपाठाची एकच सामाईक वही चालेल का, निबंध आणि शुद्धलेखन भाषेच्याच वहीत मागच्या बाजूने लिहिता येईल का, हे प्रश्न तिथेच सुटतात.

३. वेळापत्रक पाहा. एका दिवशी आठ वेगवेगळे विषय ठेवण्याऐवजी दोन तास सलग एकच विषय घेतला, तर त्या दिवशीची पुस्तकं-वह्या कमी होतात.

४. प्रत्येक ओळीपुढे तीन गोष्टी लिहा : कशासाठी, किती, कधी. ‘कार्डशीट २, विज्ञान प्रकल्पासाठी, डिसेंबरात’ असं लिहिलं की पालक ती जूनमध्ये घेत नाहीत. ‘कशासाठी’ याला उत्तर सापडलं नाही, तर ती ओळ काढून टाकायची.

५. ब्रँड लिहू नका. ‘१२ रंगांची पेटी, कोणतीही’ एवढं पुरतं. वहीच्या बाबतीत आकार आणि रेघ सांगा. कंपनी सांगू नका.

६. वर्गाची पेटी करा. कात्री, डिंक, स्केचपेन, कार्डशीट, रंगीत कागद या वस्तू प्रत्येकाने आणायच्या नसतात. चाळीस मुलांच्या वर्गात एका वेळी आठ-दहा कात्र्या पुरतात. त्या वर्गातच राहिल्या तर दप्तरात येत नाहीत, हरवत नाहीत आणि कुणाकडे भारी, कुणाकडे साधी हा फरकही दिसत नाही. यासाठी वर्गणी काढली तर पावती आणि खर्चाचा हिशेब पालकांना दिसायला हवा.

७. यादी निकालाबरोबर द्या. महाराष्ट्रात प्राथमिक शाळांचा निकाल परंपरेने १ मेच्या आसपास लागतो. शाळा जूनच्या मध्याला सुरू होते. विदर्भात उन्हामुळे त्याहून उशिरा. निकालाच्या हाती यादी दिली तर खरेदी दोन पगारांत विभागता येते.

८. ‘पहिल्याच दिवशी’ ही अट काढा. पहिल्या आठवड्यात एक वही आणि पेन्सिल पुरते. बाकीचं महिनाभरात येऊ द्या.

नमुना यादी कशी दिसेल?

राज्य मंडळाच्या पाचवीच्या वर्गासाठी, वर सांगितलेल्या पद्धतीने केलेली यादी साधारण अशी होईल :

पहिल्या आठवड्यात : कोणतीही एक वही (जुनी अर्धी कोरी असली तरी चालेल), दोन पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, १५ सेंटिमीटरची पट्टी.

जूनअखेर : १०० पानी एकरेघी वह्या ५ (मराठी, हिंदी, इंग्रजी, परिसर अभ्यास भाग १, भाग २). १०० पानी चौकटीची वही १ (गणित). १०० पानी सामाईक गृहपाठ वही १. चित्रकला वही १. बारा रंगांची पेटी १.

भूमिती शिकवण्याच्या आधी : कंपासपेटी. घरात असेल ती चालेल.

वही भरली की : त्याच विषयाची दुसरी १०० पानी वही.

वर्गात ठेवलेलं, आणायचं नाही : कात्री, डिंक, स्केचपेन, कार्डशीट, रंगीत कागद.

बारा वह्यांच्या जागी सुरुवातीला सात वह्या आणि त्याही निम्म्या पानांच्या. ज्याचं अक्षर मोठं आहे किंवा जो जास्त लिहितो, तो ऑक्टोबरमध्ये दुसरी वही घेईल. म्हणजे लिहिण्यावर बंधन येत नाही. न लिहिलेल्या पानांचे पैसे मात्र वाचतात.

प्लॅस्टिक कव्हर, नावाची स्टिकरं, एकसारखी लेबलं या यादीत नाहीत. वहीला कव्हर घालायचंच असेल तर जुन्या कॅलेंडरचा जाड कागद उत्तम चालतो.

घरी काय करता येईल?

दुकानात जाण्याआधी घरात शोध घ्यावा. एका वर्षात कंपासपेटी, पट्टी किंवा कात्री झिजून जात नाही. खोक्यात, कपाटाच्या खणात, जुन्या दप्तराच्या तळाशी अर्ध्या यादीचा माल सापडतो.

अर्धवट वह्यांची कोरी पानं काढून, दाभण-दोऱ्याने शिवून रफ वही करण्याची पद्धत मराठी घरांना नवीन नाही. जवळचा बाइंडर अशा पानांना पुठ्ठा लावून देतो. रफ वही ही यादीतली अशी वस्तू आहे की जी कधीच विकत घेण्याची गरज नसते.

पाठ्यपुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलाकडून घेता येतात. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकासारख्या ठिकाणी जुन्या पुस्तकांची खरेदी-विक्री वर्षानुवर्षं चालते. मात्र घेण्याआधी आवृत्ती पाहावी. राज्यात नवा अभ्यासक्रम २०२५-२६ मध्ये पहिलीपासून लागू होऊ लागला आहे आणि पुढच्या इयत्तांची पुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलायची आहेत. ज्या इयत्तेचं पुस्तक बदललं, तिथे जुनी प्रत कामाची नाही.

सोसायटी, चाळ किंवा वाडीतल्या पाच-सात घरांनी मिळून घाऊक दुकानातून वह्यांचे डझन घेतले तर दर कमी पडतो. यादीत ब्रँड लिहिलेला नसेल, तरच हे जमतं.

किमतींच्या बाबतीत एक बदल लक्षात ठेवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, खडूरंग आणि नकाशे यांवरचा जीएसटी शून्य झाला आहे. कंपासपेटी आणि रंगपेटीवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे जुन्या बिलाशी तुलना करून नवं बिल तपासायला हरकत नाही.

‘आमच्याच दुकानातून घ्या’ असं सांगितलं तर?

अशी सक्ती करता येत नाही. विद्यार्थ्यांनी गणवेश आणि शैक्षणिक साहित्य शाळेतून किंवा ठरावीक दुकानातून घ्यावं अशी सक्ती शाळांनी करू नये, असा महाराष्ट्र सरकारचा निर्णय २००४ पासून आहे. सीबीएसईनेही एप्रिल २०१७ मध्ये आपल्या शाळांना हेच बजावलं होतं : पुस्तकं, वह्या, गणवेश, बूट, दप्तर यांसाठी पालकांना विशिष्ट विक्रेत्याकडे जायला भाग पाडू नका.

शाळेने एखादं दुकान सुचवणं आणि तिथूनच घ्यायला लावणं, यात फरक आहे. सोय म्हणून सुचवलं तर हरकत नाही. दुसरीकडून घेतलेली तशीच वही नाकारली, तर ती सक्ती.

तक्रारीची पहिली पायरी म्हणजे शाळेतलंच व्यासपीठ. महाराष्ट्राच्या शुल्क विनियमन कायद्यानुसार खासगी शाळांत शाळा सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हायला हवा. त्याच्या कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेतला पालक असतो आणि त्याची निवड चिठ्ठ्या टाकून होते. सरकारी आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्याखालची शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात. ‘यादीचा आढावा’ हा विषय या बैठकीत लेखी मांडता येतो. मार्चमध्ये मांडला तर पुढच्या यादीत बदल होऊ शकतो. जूनमध्ये मांडला तर वह्या विकून झालेल्या असतात.

तिथे ऐकलं गेलं नाही, तर गटशिक्षणाधिकारी किंवा जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी यांच्याकडे लेखी तक्रार करता येते. सोबत यादीची प्रत, ग्रुपवरचा संदेश आणि दुकानाचं बिल जोडावं. चार पालकांनी मिळून सही केली तर एकाच मुलावर नजर राहत नाही.

ज्याच्याकडे वही नाही, त्या मुलाचं काय?

यादी कितीही छोटी केली तरी काही घरांना ती एकदम जमणार नाही. कुणाचं ऊसतोडीचं काम संपून घर नुकतंच गावी परतलेलं असतं, कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाच्या घरी आजारपण असतं. हे मूल स्वतःहून सांगत नाही. ते वही ‘विसरलो’ म्हणतं.

त्यासाठी शाळेने दोन साध्या गोष्टी कराव्यात. वर्गाच्या कपाटात दहा कोऱ्या वह्या आणि पेन्सिलींचा एक डबा ठेवावा आणि त्यातून कुणालाही, काही न विचारता, घेता यावं. विसरलेल्यालाही आणि नसलेल्यालाही. मग कोण कुठला, हे वर्गाला कळत नाही. दुसरी गोष्ट यादीतली. ‘सर्व साहित्य पहिल्याच दिवशी आणावे’ या ओळीच्या जागी लिहावं : ‘घरात असलेलं जुनं साहित्य चालेल. काही घ्यायला अडचण असेल तर वर्गशिक्षकांना सांगा, सोय केली जाईल.’ त्याखाली वर्गशिक्षकांशी बोलायची वेळ.

ही ओळ वाचून ग्रुपवर कदाचित कुणीच काही लिहिणार नाही. पण त्या संध्याकाळी वर्गशिक्षकांचा फोन वाजेल.